‘चूक माझीच होती, मग भरपाई कशी मागू?’

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या जखमी कामगारांच्या तोंडी हा प्रश्न हमखास असतो. तो इतक्यांदा ऐकला आहे की, एका कामगाराच्या अनुभवातून त्याचे उत्तर सविस्तर द्यावे असे वाटले.

सुनील (नाव बदलले आहे) पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा साच्यात (डायमध्ये) दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर काम करीत असे. डायखाली सापडून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. झोप लागत नाही म्हणून पत्नीने त्याला माझ्याकडे आणले. पण खरी अडचण वेगळीच निघाली. कंपनीने अपघाताचा अहवाल भरलाच नव्हता आणि तो भरा, असे सांगायला सुनील तयार नव्हता. “पहिल्या दिवशीचा दवाखान्याचा खर्च शेठनी केला, मॅडम. लक्ष माझं उडालं. आता दावा लावणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं.”

सुरुवातीच्या भेटींत मी दाव्याचा विषय काढलाच नाही. नंतर एकदा कामाविषयीच विचारले.

“एका पाळीत किती पीस निघायचे?”

“दोन-अडीच हजार.”

“म्हणजे तितक्या वेळा हात डायखाली जायचा. त्यात एकदाही लक्ष ढळणार नाही, अशी खात्री कोण देईल?”

तो बराच वेळ पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहत राहिला. “कोणीच नाही. म्हणून तर हात आत असताना प्रेस थांबवणारा सेन्सर असतो.”

“तुमच्या प्रेसला होता?”

“होता, पण बंद केलेला. माल कमी निघतो म्हणून सुपरवायझरनी...” वाक्य त्याने पुरे केले नाही.

“हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाही,” पत्नी म्हणाली.

‘तुमची चूक नव्हती’ असे मी म्हटले असते, तर त्याने ते मानले नसते. माणूस घटनेने खचतो त्याहून अधिक, तिच्याविषयी स्वतःच दिलेल्या निवाड्याने खचतो आणि तो निवाडा त्याच्याच तोंडून बदलावा लागतो, ही माझी अनेक वर्षांच्या कामातून पक्की झालेली धारणा आहे. लक्ष उडाले हे खरेच होते; ‘म्हणून माझा हक्क गेला’ हे मात्र सुनीलने आपल्या मनाने जोडलेले होते.

कायदा नेमकी हीच जोड मानत नाही. 1923 च्या भरपाई कायद्यापासून तत्त्व असे आहे की, कामामुळे आणि काम करताना इजा झाली तर साध्या निष्काळजीपणामुळे भरपाई नाकारता येत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते कायम ठेवले आहे. नशेत असणे किंवा सुरक्षा साधन जाणूनबुजून काढणे असे अपवाद आहेत, परंतु सेन्सर सुनीलने बंद केलेला नव्हता. भरपाईच्या दाव्याला दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे संकोचात काळ घालवू नये. ठेकेदारामार्फत लागलेल्यांनीही हताश होऊ नये, कारण मूळ कंपनीवरही जबाबदारी येते.

पुढच्या भेटीला मी त्याला पगाराची पावती आणायला सांगितले. त्यात ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे 0.75 टक्के कापलेले होते. ज्याचा विमा आहे, त्याला भरपाई मालकाच्या खिशातून नव्हे, तर कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून मिळते : उपचाराच्या काळात सरासरी वेतनाच्या 90 टक्के आणि कायमचे अपंगत्व राहिल्यास वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या प्रमाणात दरमहा रक्कम. शेठकडून पैसे नव्हे, फक्त खरा अहवाल हवा आहे, हे कळल्यावर त्याचा चेहरा सैल झाला.

“आणि कामावरून काढलं तर?” ही भीती निराधार नव्हती आणि मी ती तशी मानलीही नाही. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना, नियमांतील अपवाद वगळता, कामगाराला काढता येत नाही, हे त्याला सांगितले. मग शेठपुढे काय बोलायचे, ते आम्ही माझ्या खोलीत बसून पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले : “मी भांडायला आलो नाही. जे घडलं ते लिहून द्या.” पहिल्यांदा म्हणताना त्याची मान खाली होती, चौथ्या-पाचव्या वेळी त्याने माझ्याकडे पाहून ते म्हटले.

अहवाल भरून मिळाला. वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानंतर दरमहा रक्कम सुरू झाली आणि सुनील त्याच कंपनीत स्टोअरच्या कामावर रुजू झाला.