वाचकांचे प्रश्न : टांगलेली दुर्बीण हलत नाही का?

प्रश्न : हैदराबादवरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेवाले मोठमोठे फुगे सोडतात, त्यातलं सामान आपल्या इकडं बी पडू शकते, हात लावू नका, पोलीस स्टेशनले कळवा, अशी सूचना पेपरात येत रायते. पोरगी म्हणे फुग्याखाली दुर्बीण बी टांगतात. मले हे समजत नाही, टांगलेली वस्तू हलणारच, मंग फोटो पुसट काऊन येत नाही?
– एक शेतकरी वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पोरीचं बरोबर आहे. या संस्थेची १०० सेंटीमीटर आरशाची दुर्बीण हैदराबादहूनच फुग्याला टांगून वर गेलेली आहे, कारण तारे जिथं जन्मतात तिथून येणारा फार-इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, प्रकाश हवेतली वाफ मधेच गिळते, तो जमिनीपर्यंत पोचतच नाही, म्हणून ३० किलोमीटरच्या आसपास तरी चढावंच लागतं. आणि तुमची शंका एकदम मुद्द्याची आहे. हलणं बंद होत नाहीच, पण कोणतं हलणं कुठून येतंय हे वेगवेगळं काढता आलं तर त्याचा बंदोबस्त करता येतो, सगळी मेहनत त्यातच आहे.

सगळ्यात संथ म्हणजे अख्ख्या लटकणाऱ्या सामानाचा झोका. केबल, पॅराशूट सगळं मिळून लांबी १०० मीटर धरली तर एक झोका पुरा व्हायला साधारण २० सेकंद लागतात. शिवाय दुर्बीण बसवलेला खालचा सांगाडा आपल्या टांगणीवर वेगळा झुलतो, तो बराच जलद. वरची हवा एवढी विरळ की झोका मंदावायला तिची मदत जवळपास नाहीच. तरी हे संथ झोके जायरो, म्हणजे वळणं मोजणारा सेन्सर, ओळखतो आणि मोटारी दुर्बीण उलट्या बाजूला तेवढीच वळवतात, हे जमतं.

खरा त्रास बारीक थरथरीचा. दुर्बीण आडवी वळवायची तर वर रेटा द्यायला जमीन नाही, म्हणून सांगाड्यात एक जड चाक असतं, ते एकीकडं फिरवलं की सांगाडा दुसरीकडं वळतो. पण चाकाचा तोल जरासा जरी चुकलेला असला तरी प्रत्येक फेरीला सांगाड्याला एक धक्का बसतो, आणि चाकाचा स्पीड सारखा बदलत असल्यामुळे धक्क्यांची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती धक्के, तीपण सरकत राहते, ती सरकत सरकत सांगाड्याच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीवर आली की थरथर एकदम वाढते, म्हणजे रेझोनन्स. त्याहून वाईट गोष्ट अशी की सांगाडा नुसता वाकला तरी जायरोला वाटतं दुर्बीण फिरली, कंट्रोलर ती सरळ करायला मोटारीला हुकूम देतो, आणि त्याच ठेक्यात मोटार सांगाड्याला अजून हलवते. मला या सगळ्या विषयात हीच जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इथं बिघडलेला एकही पार्ट नसतो, तरी फोटो जातो.

म्हणून आधी कॉम्प्युटरवर सांगाड्याचे बारीक तुकडे पाडून मॉडेल करतात, मग खरा सांगाडा क्रेनला टांगून, जागोजागी सेन्सर लावून हातोडीने ठोकतात आणि तो कोणत्या फ्रिक्वेन्सीला घुमतो ते बघतात. टांगूनच का, तर जमिनीवर टेकवला की उत्तर बदलतं. मग सांगाडा ताठ करून त्या फ्रिक्वेन्सी वर ढकलायच्या, आणि उरलेल्यांसाठी कंट्रोलरमध्ये त्या ठेक्याकडं दुर्लक्ष करणारा फिल्टर बसवायचा.

हे तुमच्या वावरातपण बघता येतं. पोरीला मोबाईलमध्ये फायफॉक्स नावाचं फुकट ॲप घ्यायला सांगा, त्यात ॲक्सलरेशन स्पेक्ट्रम (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती हलतंय याचा आलेख) उघडा आणि मोटारपंपाच्या सिमेंटच्या ओट्यावर फोन ठेवा, मोटारीवर नको, आणि फिरत्या भागापासून लांब. पंपाच्या पाटीवर १४४० आरपीएम लिहिलं असेल तर २४ हर्ट्झजवळ, म्हणजे सेकंदाला २४ वेळा, टोक दिसायला पाहिजे, कारण १४४० भागिले ६० म्हणजे २४. मग फोन पाइपावर टेकवा, टोकांची उंची बदललेली दिसेल. मोटार तीच, पण पाइपाचं हलणं वेगळं. दुर्बिणीवाले इंजिनिअर हेच करतात, फक्त त्यांचे सेन्सर लई बारीक असतात.

किती बारीक? २०२३ साली न्यूझीलंडच्या वानाकाहून सुपरबिट नावाची अर्ध्या मीटरची दुर्बीण फुग्यावर गेली, तिचं चित्र एका आर्कसेकंदाच्या आतच स्थिर ठेवायचं होतं. पाच किलोमीटरवरून रुपयाचं नाणं जेवढं दिसेल, साधारण तेवढा हा कोन.

प्रश्न : खाली पडताना दुर्बीण तुटत नाही का?
– दहावीची विद्यार्थिनी, जि. चंद्रपूर

उत्तर : पॅराशूट उघडतानाचा झटका मोठा असतो, त्यामुळे नासाच्या फुग्यांसाठी सांगाडा स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओढ सोसेल असाच करावा लागतो. तरी जमिनीवर धोका राहतो. ब्लास्ट नावाची दुर्बीण अंटार्क्टिकात उतरली पण पॅराशूट सुटलंच नाही, वाऱ्याने ती बर्फावरून फरफटत नेली आणि पार मोडली. हार्ड डिस्क मात्र सापडल्या, आणि त्या डेटावर पुढे शोधनिबंध निघाले.