सेफ्टीचा खटका हवा का? आधी चाप बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. टेक्सासात दुकान, रात्री गल्ला घेऊन गाडीने घरी येता, नागरिकत्व झालंय, आता जवळ बाळगायला पिस्तूल घ्यायचंय. तुम्हाला सेफ्टीचा खटका (चाप, म्हणजे ट्रिगर, अडवून धरणारी अंगठ्याची कळ) नको, कारण ऐन वेळी तो सरकवायचा राहून जाईल. नीट हाताळलं की झालं, असं तुमचं म्हणणं. वहिनी म्हणतात खटका नसलेलं हत्यार घरात येणार नाही, घरात ५ वर्षांचा मुलगा आहे. मी वहिनींच्या बाजूचा आहे. पण मुलगा हे त्याचं कारण नव्हे, त्याच्याबद्दल शेवटी लिहितो.

खटक्याआधी चाप बघायचा असतो. रिव्हॉल्व्हरला सहसा असा खटका नसतो आणि वापरणाऱ्यांनी तो फारसा मागितलाही नाही, कारण डबल अ‍ॅक्शनचा चाप, म्हणजे एकाच ओढीत घोडा (गोळीला ठोका देणारा हातोडा) ताणून सोडणारा, बराच लांब ओढावा लागतो आणि त्याला १०-१२ पौंडांचा जोर लागतो. बोट नुसतं घासलं म्हणून तो ओढला जात नाही. दुसऱ्या टोकाला जॉन ब्राउनिंगचं १९११ मॉडेल. घोडा मागे ताणलेला, चाप ४-५ पौंडांचा आणि अगदी थोडा सरकणारा. त्याला अंगठ्याचा खटका आहे, मुठीमागे दाबली जाणारी दुसरी सेफ्टी आहे, आणि दोन्ही असायलाच हव्यात. तुम्ही बघताय ती स्ट्रायकरवाली (घोड्याऐवजी आत स्प्रिंगवरची सुई असलेली) पिस्तुलं या दोघांच्या मधली. त्यांतल्या ग्लॉकचा चाप साधारण साडेपाच पौंडांचा. विक्रेता तुम्हाला सांगेल की तिच्यात तीन सेफ्टी आहेत, आणि ते खरं आहे. फक्त चाप ओढला की त्या तिन्ही एकापाठोपाठ सुटतात. तो तुमच्या बोटाने ओढला की होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) अडकलेल्या शर्टाच्या टोकाने, यात पिस्तुलाला फरक पडत नाही.

वहिनींनी गोविंदाचं उदाहरण दिलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत त्याच्या पायात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. बातम्यांनुसार कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं. पडून गोळी सुटणं हा जुना रोग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जहाजाच्या पोलादी डेकवर पडून एक रिव्हॉल्व्हर सुटलं आणि नौसैनिक मेला, तेव्हा ते बनवणाऱ्या स्मिथ अँड वेसन कंपनीने घोडा अडवणारा नवा तुकडा आत बसवला. नवीन पिस्तुलांत ही काळजी घेतलेली असते. तरी तुमच्या यादीत सिग कंपनीचं वापरलेलं पी ३२० पिस्तूल आहे म्हणून सांगतो: ठरावीक कोनात पडल्यास ते सुटतं हे २०१७ मध्ये उघड झालं आणि त्याच वर्षी कंपनीने आतले भाग बदलून द्यायला सुरुवात केली. घेणार असाल तर तो बदल झालाय का ते नंबरावरून तपासून घ्या. न पडता, चापाला हात न लावता सुटल्याचे दावेही कोर्टात गेले आहेत. कंपनी ते नाकारते. मी असतो तर त्या वादात पैसे घातले नसते.

पण गोविंदाच्या बातमीतला माझ्या मते महत्त्वाचा शब्द 'ठेवताना'. अशा बऱ्याच गोष्टी हत्यार ठेवताना, काढताना, रिकामं करताना, पुसताना घडतात. न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा प्लॅक्सिको बरेस, ज्याने २००८ चा सुपर बोल (त्या खेळाचा अंतिम सामना) जिंकून देणारा टचडाउन केला, त्याने त्याच वर्षी नोव्हेंबरात नाइटक्लबमध्ये स्वतःच्या मांडीत गोळी घालून घेतली. ग्लॉक, होल्स्टर नाही, नाडीच्या पॅन्टीत खोचलेली; ती घसरली आणि तो पकडायला गेला. पुढे बेकायदा हत्यार बाळगल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली. २०१८ मध्ये डेन्व्हरच्या बारमध्ये सुट्टीवरचा एफबीआय एजंट नाचता नाचता उलटी कोलांटी मारायला गेला, कमरेचं पिस्तूल पडलं. पडून काही झालं नाही. त्याने घाईने उचललं तेव्हा गोळी सुटली आणि दुसऱ्याच्या पायाला लागली. प्रशिक्षित माणूस होता हो.

आता तुमचा दिवस बघा. मुलाच्या शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेता येत नाही, म्हणजे गाडीत काढून ठेवा. ५१ टक्क्यांची लाल पाटी (निम्म्याहून जास्त कमाई दारूची, अशा ठिकाणाची) लावलेल्या बारमध्ये नेता येत नाही, पुन्हा काढा. रात्री घरी काढा, सकाळी घाला. उभ्या जन्मात ते कुणावर रोखायची वेळ बहुधा येणार नाही, पण हाताळणं रोज चार-सहा वेळा होणार, त्यातलं अर्धं गाडीच्या सीटवर अवघडून. 'नीट हाताळलं की झालं' हे वाक्य त्या प्रत्येक वेळी, थकून दुकान बंद केल्यानंतरही, खरं ठरावं लागतं. खटका इथे कामाला येतो. होल्स्टरमध्ये परत घालताना तो लावलेला असला तर जॅकेटची नाडी आत गेली तरी चाप हलत नाही.

ऐन वेळी विसरण्याची तुमची भीती खोटी नाही. त्यावर एकच उपाय, खटका कायम लावलेला ठेवायचा. कधी लावला, कधी नाही, असं करणाऱ्याने तो नसलेलंच घ्यावं. पिस्तूल बाहेर काढताना प्रत्येक वेळी अंगठ्याने खटका खाली, म्हणजे सोडायचा, नेमबाजीच्या रेंजवरही, घरी रिकाम्या पिस्तुलाने सराव करतानाही. पुढे तो विचार न करता होतो. खाली सरकणाराच खटका घ्या. बेरेटा ९२ सारख्यात तो स्लाइडवर (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) असतो आणि गोळी झाडण्यासाठी वर करावा लागतो. दोन तऱ्हांची पिस्तुलं वापरलीत तर घोळ होणार. नळीत गोळीच नको, हा आपल्याकडच्या मंडळींचा आवडता सल्ला मला पटत नाही. स्लाइड ओढायला दुसरा हात मोकळा लागतो, आणि तुमच्या त्या हातात गल्ल्याची पिशवी असेल.

रिकामं करताना आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची, मग चेंबरमध्ये (नळीत गोळी बसते त्या जागी) डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालून खात्री करायची. क्रम उलटला तर स्लाइड पुढे येताना पुढची गोळी चेंबरमध्ये चढवते आणि तुम्हाला वाटतं रिकामं झालं. ग्लॉक पुसायला उघडताना चाप ओढावाच लागतो, तिथे कितीतरी लोकांनी भिंतीला भोक पाडलंय. स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी शील्ड प्लस हे पिस्तूल चाप न ओढता उघडता येतं, खटका असलेलं आणि नसलेलं दोन्ही मिळतं, आणि खटका लावून ठेवूनही स्लाइड ओढता येते. १९११ ला ही शेवटची सोय नाही. मी तुम्हाला खटका असलेलं शील्ड सुचवेन. सोबत चाप पूर्ण झाकणारं कडक प्लास्टिकचं होल्स्टर आणि जाड पट्टा. मऊ कातड्याचं स्वस्त होल्स्टर नको, त्याची कड दुमडून आत येते.

राहिला मुलगा. ५ वर्षांच्या पोराला खटका सरकवायला कितीसा वेळ लागतो? डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या वॉलमार्टमध्ये २ वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि त्याच्या हातून आई मेली. पर्समध्ये ठेवायचा विचार वहिनींनी केला असेल तर तो सोडून द्या. टेक्सासात भरलेलं हत्यार निष्काळजीपणे ठेवलं आणि ते १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर तो गुन्हा आहे. अंगावर नसेल तेव्हा ते कुलपी पेटीत, घरी एक आणि गाडीत एक. गाडीतली केबलने सीटच्या सळईला बांधता येते. पेट्या आधी आणा, पिस्तूल पुढच्या महिन्यात आणलंत तरी चालेल.