सेलिंग शिकताना आधी सगळे शब्द पाठ करावेत का? आणि वारा किती आहे हे नवशिक्याने कसं ओळखायचं?

सगळे नकोत. दोऱ्यांची नावं तेवढी आधी शिका, तीही दोरी हातात धरून. मी उलटं केलं. फ्रिजवर साठ शब्दांचा तक्ता लावला, घोकला, आणि तरी होडी उलटलीच.

मुंबई बंदर, फेब्रुवारीतली दुपार, वायव्येचा वारा. डिंगीत, म्हणजे छोट्या शिडाच्या होडीत, मी आणि माझा मेहुणा. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, त्याच्या हातात; मेनशीट ही मोठ्या शिडाची दोरी माझ्याकडे. जाताना वारा पाठीवर, टी-शर्टसुद्धा फडफडत नव्हता. "वाराच नाही राव," इति मेहुणा. परतायला त्याने नाक वाऱ्याकडे वळवलं आणि होडी एकदम कलली. "शीट सोड, शीट!" शीट म्हणजे शीड ओढून धरणारी दोरी, हे तक्त्यात पाठ होतं हो! पण ऐन वेळी मराठी कानाला ‘शीड’ ऐकू आलं आणि मी मान वर करून शिडाकडे बघत राहिलो. मग तोंडात खारट पाणी, त्याला डिझेलचा वास, आणि डोक्यावर ओलं कापड.

हा किस्सा मेहुणा दर गणपतीत सांगतो, आणि दरवर्षी त्यातला वारा पाच नॉटांनी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाढतो. यंदा तिसावर गेला. तीस नॉट म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्युफोर्ट मोजपट्टीवर ७. त्यात लाटांचा फेस वाऱ्याच्या दिशेने पट्ट्यापट्ट्यांनी ओढला जातो. तसं काही नव्हतं. पांढरे तुरे बऱ्यापैकी होते, बस्स. म्हणजे ४, अकरा ते सोळा नॉट. ब्युफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये मोजपट्टी केली तीसुद्धा जहाजाच्या शिडांकडे बघून, आकडे मोजून नव्हे. तुम्हीही आधी पाण्याकडे बघा, मग मोबाइलकडे. मोबाइलवर झोताचा, म्हणजे ‘गस्ट’चा, आकडा वेगळा दिलेला असतो, तोच खरा धरा.

चूक वाऱ्याची नव्हतीच. वारा १४ आणि होडी ५ नॉटांनी वाऱ्यासोबत पळत असेल, तर अंगाला लागतो ९. वळून वाऱ्यावर चढायला लागलात की तोच सतराच्या आसपास. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शिडावर साडेतीन पटीहून जास्त. वळण्याआधी हे सुकाणूवाल्याने सांगायचं असतं. सुकाणूवाला कोण होता?

बंदरात लाट उठायला समुद्राएवढी जागा नसते, त्यामुळे खुणा थोडं कमीच दाखवतात, हे मान्य. अठरा धरा. तीस नाही.

डोलकाठी, परबाण (शीड बांधायची आडवी काठी) वगैरे शब्द छान आहेत, पण हुकूम इंग्रजीतच येतात, तेव्हा ते नंतर. आणि हो, त्या दिवशी हात दुखला म्हणून शीट मी क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत, अडकवून ठेवली होती. तुम्ही निदान पहिल्या मोसमात तसं करू नका.