तिला खेळात काय करता येतं?

म्हापसा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

वादविवाद स्पर्धेसाठी लिहिलेल्या तुझ्या भाषणाचा कच्चा खर्डा वाचला. ‘व्हिडिओ गेममधून स्त्रीला दुय्यम ठरवलं जातं’ या बाजूने बोलायची चिठ्ठी तुला आली आणि तू मनातून नाराज आहेस, हे पहिल्याच परिच्छेदात दिसतं. पणजीला जाऊन आपल्याच आवडीविरुद्ध बोलायचं, असं तुला वाटतंय. पण ज्याने कधी गेम खेळलाच नाही, तो या विषयावर फार तर पोस्टरबद्दल बोलेल. तुला आतलं माहीत आहे. म्हणून मला तू याच बाजूने हवा आहेस.

आधी कपड्यांवरची दोन पानं काढून टाक. तिथे अडकलास की समोरचा विचारणार, पुरुष पात्रंही उघड्या छातीची आणि पिळदार दंडांची नसतात का? त्याचं उत्तर आहे. ते दंड खेळणाऱ्याला स्वतःचे वाटावेत म्हणून असतात, बाईचं शरीर मात्र त्याने न्याहाळावं म्हणून रंगवलेलं असतं. पण हे दोन वाक्यांत सांगून पुढे जा. तुझा खरा प्रश्न वेगळा हवा: या बाईला खेळात काय करता येतं?

१९८१ चा डाँकी काँग घे. खेळणाऱ्याला धावता येतं, उडी मारता येते, हातोडा चालवता येतो. माकडाने पळवून नेलेली बाई वर उभी राहून मदतीची वाट बघते. १९८५ मध्ये सुपर मारिओ ब्रदर्समध्ये तीच जागा राजकन्येला मिळाली. एखादी गोष्ट अशी असली म्हणून मला राग येत नाही. तीच गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली, याचा येतो. आणि २००५ मध्ये त्या राजकन्येला स्वतःचा गेम मिळाला, तेव्हा तिच्या शक्ती काय ठरल्या? रडणं, संतापणं, आनंदणं, शांत होणं. तिच्या मनःस्थितीचंच हत्यार केलं.

मेट्रॉइडवर मात्र थांब, घाई करू नकोस. १९८६ चा गेम. चिलखतातला योद्धा सगळा खेळ लढतो आणि शेवटी कळतं की ती सामस नावाची बाई आहे. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती, आणि विरुद्ध बाजू हे उदाहरण आणणारच. ते तू आधी आण. मग पुढचं सांग: खेळ जितका लवकर संपवाल, तितके शेवटच्या दृश्यात तिच्या अंगावर कपडे कमी. एका तासाच्या आत संपवला तर ती बिकिनीत दिसते. म्हणजे जिने एवढा पराक्रम केला, तिलाच शेवटी खेळणाऱ्याचं बक्षीस केलं. एकाच गेममध्ये मान आणि अपमान दोन्ही आहेत. हे तसंच मांड, एका बाजूला ओढू नकोस. परीक्षक तुझ्यावर विश्वास ठेवतील ते इथे. १९९६ च्या ‘टूम रेडर’ गेमच्या नायिकेबद्दल, लारा क्रॉफ्टबद्दलही हेच म्हणता येईल, तिला एक वाक्य पुरे.

तू पेडण्याचा, दशावतार बघत वाढलेला. तिथे बाईचं सोंग पुरुषच घेतो, तरी स्त्रीपार्टी नट द्रौपदी म्हणून भर सभेला जाब विचारतो तेव्हा देवळासमोरचं पटांगण गप्प होतं. लिहिलेली संहिता नसते, संवाद जागेवर सुचतात, आणि त्या पात्राला बोलायला पुरेपूर जागा मिळते. गेममधल्या किती बायकांना अशी जागा मिळते, ते तुझ्या आवडीच्या पाच गेममध्ये स्वतः तपास आणि जे सापडेल तेच सांग.

‘बनवायला खर्च येतो’ हा मुद्दा येईल. २०१४ मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीने असॅसिन्स क्रीड युनिटीत खेळता येण्याजोगी स्त्री पात्रं नाहीत, कारण ॲनिमेशनचं काम फार वाढतं, असं सांगितलं. त्याच मालिकेच्या आधीच्या भागावर काम केलेल्या ॲनिमेटरने जाहीरपणे म्हटलं, हे एक-दोन दिवसांचं काम आहे. आणि तो गेम फ्रेंच राज्यक्रांतीच्या पॅरिसमध्ये घडतो. तिथेच १७९३ मध्ये मारा या क्रांतिकारकाला शार्लोत कोर्दे या तरुणीने भोसकलं होतं.

एक गोष्ट मात्र बोलू नकोस: असे गेम खेळून मुलं बायकांवर हात टाकतात, असं. तेवढं सिद्ध झालेलं नाही, आणि तो धागा समोरच्याने ओढला की सगळं भाषण उसवेल. तुला त्याची गरजही नाही. अनिता सार्कीसियनचं उदाहरण पुरेसं आहे. गेममधल्या स्त्रीचित्रणावर व्हिडिओ करायला तिने २०१२ मध्ये लोकांकडून ६,००० डॉलर मागितले, दीड लाखाहून अधिक मिळाले. सोबत धमक्याही आल्या. तिच्या चेहऱ्यावर ठोसे मारायचा गेम कुणीतरी बनवला. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या विद्यापीठात तिचं व्याख्यान होतं, गोळीबाराची धमकी आली. तिथल्या कायद्याने परवाना असलेल्या श्रोत्यांना शस्त्र आणायला मनाई करता येत नव्हती. तिने व्याख्यान रद्द केलं. तिची सगळी मतं तुला पटायला हवीत असं नाही, मलाही पटत नाहीत. पण मत मांडण्याची एवढी किंमत बाईला मोजावी लागते, हे सभेला सांगितलंच पाहिजे.

हे सगळं लांबचं वाटेल, म्हणून तुझ्या वर्गातल्या मुलींशी बोल. बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये स्क्वॉड, म्हणजे टोळी, जमवताना माइक चालू ठेवतात का, नाव कुठलं लावतात, आवाज ऐकल्यावर काय काय ऐकावं लागतं, ते विचार. मध्ये बोलू नकोस, ‘सगळेच असे नसतात’ असं तर मुळीच म्हणू नकोस. त्यांची परवानगी असेल तेवढंच, नाव न घेता भाषणात घे. माझ्या मते तुझं अर्धं भाषण हेच असायला हवं.

शेवटाकडे ‘राजी’ आण. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला सर्कशीतली बहीण त्रिशूळ घेऊन निघते. डाँकी काँगचीच गोष्ट, पण शोधणारी ती आहे, आणि खेळायला तितकीच मजा येते. तो तू अजून खेळलेला नाहीस असं म्हणालास. शनिवारपर्यंत थोडा तरी खेळ, आणि रविवारी दुपारी नवीन खर्डा घेऊन घरी ये. मी घड्याळ लावून ऐकणार आहे.

तुझी
टीचर