आधी प्लग काढून बघ

मॉडेल विमानाचं नवं ग्लो इंजिन सुरू होत नाही म्हणून हताश होऊ नकोस, आणि सुईला (इंधन कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूला) लगेच हातही लावू नकोस. आधी ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) काढ, पकडीने धरून १.५ व्होल्टच्या ग्लो स्टार्टरला, म्हणजे प्लग तापवणाऱ्या बॅटरीला, लाव. प्लगमधली तार भडक नारिंगी पेटली पाहिजे. नुसती लालसर दिसली तर स्टार्टर चार्ज कर. अजिबात पेटली नाही तर प्लग गेला. बऱ्याचदा दोष इथेच सापडतो.

प्लग ठीक असेल तर सुई पूर्ण बंद करून पुस्तिकेत दिलेले फेरे उघड, बहुधा अडीच-तीन. मग कार्ब्युरेटरच्या तोंडावर बोट ठेवून प्रॉप (पंखा) हाताने दोनदा फिरव. नळीतून इंधन सरकताना दिसायला हवं. बुडबुडे आले तर नळीला चीर आहे किंवा टाकीतला क्लंक (नळीच्या टोकाचं वजन, ज्यातून इंधन ओढलं जातं) इंधनात बुडत नाहीये.

प्रॉप अचानक जड लागला, अडला, तर जोर अजिबात लावू नकोस, कनेक्टिंग रॉड वाकेल. आत इंधन साचलंय. प्लग काढ, विमान उलटं धर, फिरवून सगळं बाहेर टाक.

पावसाळ्यात उघडा राहिलेला इंधनाचा कॅन वापरू नकोस. इंधनातलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आणि इंजिन सुरू करताना प्रॉपला झटका काठीनेच मार, बोटाने कधीच नाही.