जगबुडीची तयारी कुठे पुरी होते?

‘जगावर खरंच मोठं संकट आलं, तर घरात किती दिवसांचं सामान असायला हवं?’ गेली काही वर्षं हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. कधी एखादे निवृत्त गुरुजी विचारतात, कधी करोनाच्या काळात मुंबईहून गावी परतलेला तरुण. बहुतेक वेळा मात्र घरातली बाई येते आणि म्हणते, ‘ह्यांचं साठवणं थांबत नाही, काय करू?’

मी दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात समुपदेशन करते. इथल्या माणसाने ३ जून २०२० चं निसर्ग वादळ अंगावर घेतलं आहे. २२ जुलै २०२१ ला खेड आणि चिपळूण पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गाडलं गेलं, हेही त्याच्या डोळ्यांसमोरचं आहे. त्याला ‘उगाच घाबरू नका’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. तयारी करायलाच हवी. मी फक्त एवढंच विचारते की तुमची तयारी पुरी कधी होणार? ज्याला याचं उत्तर देता येतं, त्याची तयारी घराच्या कामाची असते. ज्याला देता येत नाही, त्याच्या घरात सामानापेक्षा भीतीच जास्त भरली जात असते, आणि मग आधी तिच्याकडे बघावं लागतं.

एका कुटुंबाची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरातल्या कर्त्या माणसाला सगळे भाऊ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

आधी वहिनी एकट्याच आल्या. किनाऱ्याजवळ घर, मागे माड-पोफळीची वाडी, घरात सासूबाई आणि बारावी झालेली मुलगी. माजघराशेजारची खोली तांदळाच्या गोण्यांनी भरलेली, पडवीत निळे ड्रम, माळ्यावर मेणबत्त्या, काड्यापेट्या, साबण, बॅटऱ्या. नातेवाइकांकडून मागून आणलेले गॅस सिलिंडर एका बंद खोलीत, त्याच खोलीत पेट्रोलचा कॅन. मुदत ठेव मोडलेली. मुलीला नर्सिंगसाठी रत्नागिरीला जायचं होतं, तर भाऊंचं एकच, ‘वेळ आली तर सगळी एका छपराखाली हवीत.’ रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईल, आणि पहाटे उठून पुळणीवर फेरी, पाणी नेहमीपेक्षा मागे गेलंय का ते बघायला.

हे सगळं सांगताना वहिनी शांत होत्या. रडू आलं ते एका गोष्टीवर. एवढ्या साठ्यात सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या चार दिवस कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

सिलिंडरबद्दल मात्र मी थांबले नाही. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर निघून जात नाही, जमिनीलगत साचतो, आणि बंद खोलीत एक ठिणगी पुरते. जगाचं काय व्हायचं ते होवो, हे घर आधी जळेल अशी मांडणी तिथे झाली होती. ज्यांचे सिलिंडर त्यांना परत द्या आणि पेट्रोल घराबाहेर काढा, एवढं काम भाऊ माझ्याकडे यायच्या आधीच व्हायला हवं, असं मी सांगितलं. वहिनींनी त्यांच्या धाकट्या दिरांना मध्ये घालून ते केलं.

भाऊ आले ते झोपेच्या तक्रारीवर. बसल्या बसल्या म्हणाले, ‘मी वेडा नाय हां मॅडम.’ मी म्हटलं, ‘मलाही तसं वाटत नाही. झोप कशी लागते ते सांगा.’ मग त्यांनी मोबाईल काढला. अशनी, अणुयुद्ध, पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यावरची सुनामी, जगभरची वीज एका दिवसात बंद पडणं, सगळं जपून ठेवलेलं.

अशा वेळी मी एकदाच, नीट बसून, त्यातल्या गोष्टी माणसाबरोबर तपासते. ‘२०२४ वायआर४’ नावाच्या लघुग्रहाची बातमी त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये वाचली होती: २०३२ च्या डिसेंबरात पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३ टक्क्यांच्या वर. त्यानंतर काही दिवसांतच, निरीक्षणं वाढल्यावर, ती शक्यता जवळपास शून्यावर आली, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. ‘अपोफिस’ हा दुसरा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ ला पृथ्वीजवळून जाणार आहे हे त्यांना पाठ होतं. पुढची किमान शंभर वर्षं तो आदळण्याचा धोका नाही, असं नासाने २०२१ मध्येच सांगितलंय, हे ठाऊक नव्हतं. घाबरवणारी बातमी दहा गटांतून फिरते, धोका टळल्याची बातमी कुणी पुढे पाठवत नाही.

मकरानचा धोका मात्र खोटा नाही, आणि मी तसं म्हटलं. २८ नोव्हेंबर १९४५ ला त्या किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला, त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. पण २००४ च्या सुनामीनंतर हैदराबादमध्ये सुनामीचा इशारा देणारं केंद्र उभं राहिलं, २००७ पासून ते काम करतंय. मकरानहून आपल्याकडे लाट यायला काही तास लागतात. पहाटे पुळणीवर एकट्याने उभं राहून जे कळेल, त्याच्या कितीतरी आधी ते इशाऱ्यातून कळेल. भाऊ यावर काही बोलले नाहीत, पण त्यांनी ते लिहून घेतलं.

मग मी विचारलं, ‘जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर?’ माहीत नव्हता. (तो १०७७.) ‘वादळात गावातली माणसं कुठे हलवतात?’ शाळेत. ‘शाळेची किल्ली कुणाकडे?’ तेही माहीत नव्हतं. अंतराळातल्या दगडाची तारीख पाठ असलेल्या माणसाला दोनशे पावलांवरच्या शाळेची किल्ली कुणाकडे आहे हे ठाऊक नसावं, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. दूरच्या संकटाबद्दल वाचत बसलं की काहीतरी करतोय असं वाटत राहतं. किल्लीसाठी मात्र उठून कुणाच्या तरी दारात जावं लागतं.

दोन-तीन भेटींनंतर ते निसर्ग वादळाबद्दल बोलले. तोवर त्यांनी ते नाव घेतलं नव्हतं. त्या दुपारी ते, वडील आणि बायका-माणसं माजघरात दार दाबून बसली होती. वर कौलं एकेक करून उडत होती, मागे वाडीत झाडं मोडल्याचे आवाज. वडील मोजत होते. आवाजावरून, हा माड, ही पोफळ. संध्याकाळी बाहेर आले तर आजोबांनी लावलेली वाडी आडवी. पोफळ लावली की उत्पन्न सुरू व्हायला सहा-सात वर्षं तरी जातात. वडील ओट्यावर बसून राहिले आणि पुढच्या वर्षी गेले. ‘मी काय करू शकलो?’ हे वाक्य भाऊंनी तीन वेळा म्हटलं.

साठवण त्यानंतर सुरू झाली होती. आधी ताडपत्री, दोरखंड, बॅटरी. हे अगदी शहाणपणाचं होतं, कारण वादळानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, फोन लागत नव्हते, पंप बंद म्हणून विहिरीला पाणी असूनही शेंदून आणावं लागत होतं. पण दोरखंड आणून मन शांत झालं ते दोन दिवस. मग तांदूळ. मग ड्रम. दर खरेदीनंतर थोडा वेळ बरं वाटायचं आणि तो वेळ दर वेळी कमी व्हायचा. चिंतेचा हा फेरा आम्ही रोज बघतो. खरेदीने भीती उतरते म्हणून माणूस पुन्हा खरेदी करतो, आणि भीतीला मात्र कळतं की मी आले की हा उठतो.

त्यांच्या घरी गेले तेव्हा आजींशी, म्हणजे भाऊंच्या आईशी बोलले. मला वाटतं, या कामातला मोठा वाटा त्यांचा. १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही आली होती, मकर राशीत आठ ग्रह एकत्र, जग बुडणार म्हणून गावोगाव होमहवन चाललं होतं. आजी तेव्हा लहान होत्या. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब पडणार म्हणून घाबरलेले दिवसही त्यांना लख्ख आठवत होते. त्याचे तुकडे शेवटी हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडले. मी विचारलं, ‘आजी, तेव्हा घरात काय भरून ठेवलंत?’

‘काय भरणार? आगोटीचं होतं ना घरात.’

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी आपल्याकडे नवी नाही. मृगाच्या आधी सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा, कांद्याच्या माळा, आमसुलं, कुळथाची पिठी, मातीत घोळवलेल्या आठळ्या, पोह्याचे पापड, साठं, लाकूडफाटा. कौलं परतायची, पडवीला झाप बांधायचे. होड्या वर ओढलेल्या, समुद्र बंद, वाट चिखलाची. घर तीन-साडेतीन महिने आपल्यावर आपण राहणार हे धरूनच ही भरणी व्हायची. मी आजींना विचारलं, ‘किती भरायचं हे कसं ठरवायचात?’ त्या म्हणाल्या, ‘घरात तोंडं किती ती बघायची. नारळी पुनवेला मासळी येते, दसऱ्याला नवीन भात. तिथपर्यंत पुरलं की झालं. त्याच्या पुढचं भरलं तर किडे खातात.’

भाऊंच्या तांदळात पोरकिडे झाले होतेच.

तिथूनच आम्ही कागद घेतला. एकच कागद, दोन्ही बाजू, त्याबाहेर जायचं नाही. कोणतं संकट धरून चालायचं? वादळ, पूर, दरड, साथ, आणि वीज-रस्ता बंद. तोंडं किती? चार. दिवस किती? निसर्ग वादळात रस्ता, वीज, दुकानं यांचं काय झालं ते आठवून त्यांनीच पंधरा ठरवले. मग त्याप्रमाणे धान्य, रोजच्या जेवणातलंच, म्हणजे खाऊन फिरतं राहील. पिण्या-स्वयंपाकाचं पाणी माणशी रोज चार लिटर धरून. मोठे ड्रम झाकणाविना आठवडाभर राहिले तर त्यात डेंग्यूचे डास होतात, म्हणून झाकण आणि आठवड्याला रिकामे करणं. विहिरीला रहाट आणि चांगला दोर. आजींच्या गोळ्या महिनाभराच्या, आणि त्या बघण्याचं काम मुलीकडे. थोडी रोख रक्कम, कारण वीज नसली की एटीएमही नाही. सातबारा, आधार, बँकेची पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत. कागदाच्या शेवटी भाऊंनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘पुरं.’ खाली तारीख.

खरं कठीण काम त्यानंतर सुरू झालं. कागदाबाहेरचं काही घ्यावंसं वाटलं तर एक रात्र थांबायचं आणि सकाळी वहिनींना सांगायचं. काळजी करायला संध्याकाळी साडेसहा ते सात, ओट्यावर, वहीत लिहून. इतर वेळी मनात आलं तर ‘साडेसहाला’ एवढंच म्हणायचं. बातम्या हवामान खात्याच्या आणि जिल्हा प्रशासनाच्या, दिवसातून दोनदा. मोबाईल रात्री आजींच्या खोलीत. पुळणीवरची फेरी सूर्य वर आल्यावर, आणि सोबत कुणीतरी. हे सरळ रेषेत गेलं नाही. मे महिन्यात हवामान खात्याचा इशारा आला आणि भाऊंनी दोन दिवसांत पुन्हा चार ड्रम आणले. त्यावर आम्ही भांडलो नाही. ड्रम आणल्यावर किती वेळ बरं वाटलं ते त्यांनी वहीत लिहिलं: ‘जेवेपर्यंत.’

एक गोष्ट त्यांनी खूप उशिरा सांगितली. साठा शेजाऱ्यांपासून लपवला होता, आणि उद्या लोक मागायला आले तर त्यांना कसं अडवायचं, दार कसं लावायचं, कोयता कुठे ठेवायचा, हाही विचार करून झाला होता. मी विचारलं, निसर्ग वादळात तुमच्या दारातली झाडं कुणी तोडली? बराच वेळ गेला. ‘वाडीतल्यांनी. तीन दिवस आमचीच कापत होते.’ मला वाटतं, ज्या तयारीत शेजारी शत्रू होतो ती माणसाला आतून एकटं पाडते, आणि एकटेपणात कुठलाच साठा पुरत नाही. त्या मेमध्ये वाडीची बैठक भाऊंनी बोलावली. झाडं कापायचं मशीन आणि दोरखंड सामाईक घेतले, म्हातारी माणसं कुणी उचलायची ते ठरलं, शाळेची एक किल्ली वाडीत राहिली. जास्तीचे ड्रम झाकणांसकट वाटून टाकले.

त्यांनी मला विचारलं होतं, ‘आणि खरंच सगळंच संपलं तर?’ मी म्हटलं, त्याला पंधरा दिवसांचं सामान पुरणार नाही आणि पंधरा वर्षांचंही नाही. तोवरच्या दिवसांत मुलीने काय करायचं, हे मात्र तुमच्या हातात आहे. मुलगी आता रत्नागिरीला शिकते. भाऊ तिला रोज फोन करतात, सुरुवातीला दिवसातून सहा वेळा करायचे. पोफळीची नवी रोपं लावली आहेत. पहाटे जाग येते अजून कधीकधी.

वहिनींसारख्या बायका शेवटी विचारतात, घरात आम्ही काय बोलायचं? चेष्टा करू नका आणि चोरून सामान टाकून देऊ नका. त्याने साठवणं लपून सुरू होतं. ‘कशाची भीती वाटते?’ असं विचारा आणि ऐकून घ्या. ‘आपण मिळून यादी करू’ म्हणा आणि यादीला शेवट ठेवा. पण झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, काम सुटलं असेल, छातीत धडधडून दम कोंडत असेल, विनाशाची तारीख आपल्यालाच कळली आहे असं माणूस ठामपणे सांगत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला उशीर करू नका. औषधांनी यात फार फरक पडतो. आणि ‘त्यापेक्षा आपण सगळे आधीच एकत्र जाऊ’ असं एकदा जरी तोंडून निघालं, तरी ते बोलणं म्हणून सोडू नका. माणसाला एकटं ठेवू नका, घरातली विषारी औषधं आणि कोयते हलवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धोका समोर दिसत असेल तर ११२ लावा. बोलायला कुणी हवं असेल तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस लागतो, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.