पल्स : झटका, नाडी की स्पंद?

तीव्र लेसर घन लक्ष्यावर आदळल्यावर निर्माण होणाऱ्या ‘इलेक्ट्रोमॅग्नेटिक पल्स’ला मराठीत ‘विद्युतचुंबकीय झटका’ म्हणता येईल का, अशी विचारणा झाली आहे. माझा कौल ‘विद्युतचुंबकीय स्पंद’ या शब्दाला आहे आणि त्याचे कारण त्या घटनेतच सापडते.

लेसरच्या माऱ्याने लक्ष्यातील इलेक्ट्रॉन अतिशय तापतात, त्यांतले काही कायमचे निसटतात आणि लक्ष्य धनभारित होते. ही तूट भरून काढण्यासाठी लक्ष्य धरून ठेवणाऱ्या दांडीतून विद्युतप्रवाह धावतो, तो काही काळ मागेपुढे हेलकावतो आणि ती दांडी अँटेनासारखी रेडिओलहरी व सूक्ष्मलहरी फेकू लागते. लेसर काही फेम्टोसेकंदांत (एक फेम्टोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग) संपला, तरी या लहरी निर्वात कक्षाच्या धातूच्या भिंतींवरून परावर्तित होत कित्येक नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) घुमत राहतात आणि जवळच्या मोजमाप-उपकरणांच्या कामात व्यत्यय आणतात. म्हणजे हा एकच तडाखा नसून विरत जाणारी थरथर आहे. ‘स्पन्द्’ या संस्कृत धातूचा अर्थ नेमका हाच: थरथरणे, स्फुरणे.

‘झटका’ म्हटले की विजेचा किंवा हृदयविकाराचा झटका, म्हणजे माणसाला बसणारा धक्का, आठवतो. ‘नाडी’ वैद्याच्या बोटांखालची. तिच्यात सतत चालणारी लय गृहीत असते. ‘स्पंदन’ हा शब्द जवळचा असला तरी तो पुन्हापुन्हा घडणारी क्रिया सुचवतो, तर ‘स्पंद’ मोजता येतो: एक स्पंद, दोन स्पंद. अणुस्फोटाच्या संदर्भातही हाच शब्द चालावा. ९ जुलै १९६२ रोजी प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर झालेल्या अमेरिकी चाचणीतील अशाच स्पंदाने सुमारे १,४०० किलोमीटर दूरच्या, हवाई बेटांवरील होनोलुलू शहरातील रस्त्यांवरचे काही दिवे विझले होते.

खरी अडचण निराळी आहे. लेसरचा प्रकाशही विद्युतचुंबकीयच असतो आणि तोही स्पंदरूपानेच येतो, त्यामुळे एकाच वाक्यात कारण आणि परिणाम या दोघांना एकच नाव पडण्याचा धोका आहे. म्हणून कारणाला कटाक्षाने ‘लेसर-स्पंद’ म्हणावे, परिणामाला ‘विद्युतचुंबकीय स्पंद’ म्हणावे आणि पहिल्या उल्लेखात तो रेडिओ व सूक्ष्मलहरींच्या पट्ट्यातला आहे, हे सांगून टाकावे.